सहावा टर्मिनेटर

‘टर्मिनेटर’ मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटाचा शेवट पोलाद कारखान्यात होतो. भिलाईत वाढलेल्या मुलाला तो चित्रपट आपला वाटायला एवढं पुरेसं होतं. 1991चा तो चित्रपट मी शाळेत असताना हिंदीत पाहिला, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, टीव्हीवर. बाबा बीएसपीच्या, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये होते. श्वार्झनेगरचा यंत्रमानव साखळीला धरून वितळलेल्या पोलादात उतरू लागला, तेव्हा आम्हा भावंडांचे डोळे भरून आले. बाबा एवढंच म्हणाले, “सोळाशे डिग्रीच्या पोलादाजवळ असं उघड्या तोंडानं उभं राहता येत नाही रे.” पण यंत्रमानवाचा हात दिसेनासा होईपर्यंत तेही पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

पुढे कळलं, तो कारखाना म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फोंटाना गावची कैसर स्टील. दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली, 1983मध्ये बंद पडलेली. चित्रीकरणाच्या वेळी भट्ट्या थंडच होत्या. धग आणि उजेड चित्रपटवाल्यांनी निर्माण केला. नंतर त्यातला बराच भाग सुटा करून चीनला विकला गेला. 1959मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस पेटल्यापासून ज्या गावाचं सगळं आयुष्य भट्टीभोवती फिरतं, तिथल्या माणसाला हे वाचून काय होतं ते सांगणं अवघड आहे. तेव्हापासून तो शेवट मला दुप्पट जड वाटतो.

त्या शेवटाला किंमत होती. यंत्रांच्या हातून व्हायचा 29 ऑगस्ट 1997चा विनाश टळतो, पण ज्याला वाचवायला यंत्रमानव आलेला असतो, तो पोरगा आपल्या एकुलत्या एका रक्षकाला मुकतो. पुढचा प्रत्येक भाग मी याच मापानं मोजत आलो: आधी मोजलेली ही किंमत नवा चित्रपट मानतो का? 2003चा तिसरा म्हणाला, विनाश टळला नव्हता, नुसता लांबला होता. त्याचा शेवट धीट आहे, मधला भाग पोकळ. 2009च्या चौथ्यात युद्ध आहे, माणसं नाहीत. 2015च्या पाचव्यानं काळाचा असा गुंता केला की कोण मेलं, कोण राहिलं याला अर्थच उरला नाही.

2019मध्ये सहावा आला, ‘डार्क फेट’. तोवर बाबा निवृत्त होऊन आम्ही भिलाईतल्याच स्मृति नगरला राहायला आलो होतो. जुनवानीच्या मॉलमध्ये आम्ही दोघं गेलो. दिग्दर्शक टिम मिलर. जेम्स कॅमेरॉन निर्माता म्हणून परतलेला, आणि सारा कॉनरच्या भूमिकेत पुन्हा लिंडा हॅमिल्टन. पहिल्या काही मिनिटांतच तिचा मुलगा जॉन मारला जातो. दुसऱ्या भागात ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं, तोच.

अनेक चाहत्यांनी हे कधीच माफ केलं नाही. मला मात्र हा मालिकेतला दुसऱ्या भागानंतरचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. जॉन परत येत नाही, कोणी काळात मागे जाऊन त्याला आणत नाही. साठी ओलांडलेल्या हॅमिल्टनच्या चेहऱ्यावर तो मृत्यू चित्रपटभर राहतो. मुलाचा फोटो जवळ नाही, चेहरा आठवेनासा होतोय, असं ती सांगते, तेव्हा कुठलाही स्फोट तिच्यापुढे फिका आहे. या चित्रपटात तो विनाश घडवणारं स्कायनेट हे यंत्र जन्मलंच नाही, म्हणजे तिचा विजय खरा. पण माणसांनी त्याच्या जागी लीजन नावाचं दुसरं यंत्र बनवलंच. हेही मला पटतं.

नंतर चित्रपट घसरतो. विमानातली मारामारी अंधारात विरते, धरणाच्या टर्बाइनपाशी जुन्याच क्लृप्त्या, आणि नवा खलनायक दुसऱ्या भागातल्या खलनायकाची, टी-1000ची सावली वाटतो. खर्चाच्या मानानं कमाई तोकडी पडली आणि मोठ्या पडद्यावरची मालिका तिथेच थांबली. त्यामुळे तो वाईट ठरत नाही. अर्धा मात्र नक्की आहे.

त्यातला भक्कम अर्धा भाग मेक्सिको सिटीतल्या मोटारींच्या कारखान्यात सुरू होतो. नायिका डॅनीचा भाऊ दिएगो कामावर येतो, तर त्याच्या जागेवर यांत्रिक हात बसवलेला. डॅनी त्यासाठी साहेबाशी भांडते. भिलाईत कायम कामगारांची संख्या वर्षानुवर्षं घटत आणि ठेक्यावरच्यांची वाढत आलेली आम्ही घराघरांतून पाहिली आहे; त्या दृश्यात बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. पण लगेच पाठलाग सुरू होतो, दिएगो त्यात मरतो, आणि कारखाना पुन्हा दिसतच नाही.

घरी येताना बाबांनी ना जॉनबद्दल विचारलं, ना धरणाबद्दल. म्हणाले, “त्या पोराच्या नोकरीचं भांडण अर्धवटच राहिलं की रे. पोरगी बरोबर बोलत होती, तिला बोलू द्यायला पाहिजे होतं.” मग जुनवानी रस्ताभर आम्ही त्याच साहेबाशी भांडत आलो. डॅनीनं पुढे काय म्हणायला हवं होतं, ते बाबांना मुद्देसूद माहीत होतं.