मूळ रेघ जपून ठेवा

हळद, गूळ, पापड, लोणची स्वतःच्या नावाने पाकिटात घालून विकणारी घरे आता गावोगाव झाली आहेत. पाकीट आले की त्यावर चिन्ह आले. ते संगणकावर काढायचे काम बहुधा घरातल्या शिकलेल्या मुलीकडे किंवा सुनेकडे येते. चिन्हाला सावली द्यायची, कडा मऊ करायच्या, तेही तिनेच. त्याच कामातली एक गोष्ट आज तुमच्या कानावर घालते.

संगणकावरचे चित्र दोन जातींचे असते. एक ठिपक्यांचे. कापडावर टाके मोजून भरतकाम करावे, तसे बारीक रंगीत ठिपके शेजारी शेजारी बसवलेले. त्यांना पिक्सेल म्हणतात. फोटो याच जातीचा. दुसरे रेघांचे, म्हणजे व्हेक्टर. ते शेताच्या मोजणीसारखे. खुणेचे दगड कुठे आहेत आणि एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बांध कसा वळतो, एवढेच संगणक लिहून ठेवतो. मग चित्र लहान काढा की मोठे, रेघ स्वच्छच उमटते.

आता सावलीचे पाहा. सावली काही रेघ नव्हे. ती भिंतीलगत गडद असते आणि पुढे विरत जाते. असे विरणे पडद्यावर दाखवायला ठिपकेच लागतात. म्हणून फोटोशॉपमध्ये रेघांच्या आकारावर धूसर करण्याचा फिल्टर लावू गेले, की ते आधी विचारते, आकार ‘रास्टराइझ’ करू की ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’? घाईच्या वेळी माणूस कोणतेही बटण दाबून मोकळा होतो. पण दोहोंत फार अंतर आहे. रास्टराइझ म्हणजे रेघांचे कायमचे ठिपके. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसेच हे. स्मार्ट ऑब्जेक्ट केले तर रेघा आत जशाच्या तशा राहतात आणि फिल्टर वरून बसतो. थरांच्या यादीत त्याचे नाव दिसते. त्यावर दोनदा क्लिक करून आकडा बदलावा, नको असेल तर फिल्टर काढून टाकावा. फोटोशॉपमध्ये ही सोय २००७ पासून आहे.

याचे मोल आमच्या बचत गटाला फलकाच्या वेळी कळले. हळदीच्या पाकिटावर दोन इंचांचे चिन्ह होते. छापणाऱ्याने त्याचे ठिपके करून सावली दिली. पाकिटावर ते देखणे दिसले, सगळ्याजणी खूश. पुढे प्रदर्शनासाठी सहा फुटी फलक करायचा ठरला. चांगल्या छपाईला इंचात ३०० ठिपके धरतात, म्हणजे दोन इंचांत ६००. तेच ६०० ठिपके ७२ इंचांवर पसरले, तर इंचाला जेमतेम आठ येतात. हळदीच्या पानाच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागल्या, अक्षरे धुरकटली. बायकांनी राबून मिळवलेले ते नाव, आणि तेच धड वाचता येईना! मूळ रेघांची फाइल कुणापाशीच नव्हती. शेवटी माझ्या पुतणीने दोन रात्री बसून सगळे चिन्ह नव्याने काढले.

तिने वापरले इंकस्केप. ते फुकट मिळते. त्यात आकार निवडून ‘फिल अँड स्ट्रोक’च्या चौकटीतली ‘ब्लर’ची पट्टी सरकवली की कडा मऊ होतात, आणि आकार मात्र रेघांचाच राहतो. कारण एसव्हीजी फाइलमध्ये रेघांसोबत ‘इथे एवढे धूसर कर’ असा हुकूमच लिहिलेला असतो. चित्र दाखवताना संगणक तो पाळतो, मूळ रेघेला हात लावत नाही.

आणखी दोन गोष्टी मुलींना सांगून ठेवा. फोटोशॉपमध्ये साध्या सावलीला फिल्टर लागतच नाही. ‘लेयर स्टाइल’मधली ‘ड्रॉप शॅडो’ रेघांच्या आकारावर थेट बसते. दुसरे असे, की स्मार्ट ऑब्जेक्टवरच्या फिल्टरचा आकडा ठिपक्यांत असतो. चित्र मोठे केले म्हणजे तो आपोआप वाढत नाही, पुन्हा पाहून घ्यावा लागतो.

छापखान्याला पीडीएफ द्या, पण रेघांची मूळ फाइल गटाच्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. दुसऱ्याने काम केले असेल, तर पैसे चुकते करतानाच मूळ फाइल मागून घ्या. बियाणे बाजूला काढल्याशिवाय आपण सगळे धान्य बाजारात नेत नाही. चिन्हाच्या बाबतीतही तेवढेच सांभाळायचे.