दोन इंच

माझ्या थारचे टायर 52 हजार किलोमीटरला संपले. संपले म्हणजे अगदी गोटा झाले. साधा माणूस अशा वेळी दुकानात जातो, टायरवरचा आकडा दाखवून "हेच द्या" म्हणतो आणि चहा पिऊन घरी येतो. पण मी पडलो आयटीवाला. मी आधी एक्सेल शीट उघडली.

खरं कारण टायर नव्हतंच. खरं कारण होता एक दगड.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. पुण्याहून कराड, मलकापूर, अणुस्कुरा घाट करत गेलं की डांबरी रस्ता गावात संपतो आणि तिथून खाली घरापर्यंत तीनेकशे मीटरची मातीची उतरंड आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. पावसाने दोन चाकोऱ्या खोल होत जातात आणि मधे जांभ्याची पाठ वर येते. 2023 च्या गणपतीला आम्ही खाली उतरत होतो. बाबा पुढे शेजारी, मागे बायको, मुलगी, पिशव्या आणि मांडीवर मखर. मधेच खालून असा काही आवाज आला की क्षणभर सगळे गप्प. मागच्या ॲक्सलच्या मध्यावर जो मोठा लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, तो त्या जांभ्याच्या माथ्यावर बसला होता. गाडी निघाली, तेलबिल काही गळलं नाही, पण माझ्या मनात तो आवाज घर करून राहिला.

तेव्हापासून डोक्यात एकच. गाडी उचलायची!

टायरच्या दुकानातल्या माणसाने तर माझं तोंड बघूनच ओळखलं. "साहेब, दोन इंची लिफ्ट टाका आणि 33 चे टायर. मग बघा कशी दिसते." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कशी दिसते. खोटं कशाला बोलू, मलाही ती तशीच दिसायला हवी होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक काळी थार येते तशी. बायको म्हणाली, "चाळिशी जवळ आली की हे असं होतं." असो.

तर आता थोडं गणित. माझ्या गाडीला कंपनीचे टायर आहेत 255/65 आर 18. म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 65 टक्के आणि रिम 18 इंचाची. वर एक भिंत, खाली एक भिंत आणि मधे रिम, अशी बेरीज केली की टायरची उंची येते सुमारे 789 मिमी, म्हणजे 31 इंच. दुकानदाराचे "33" म्हणजे प्रत्यक्षात 285/65 आर 18. ते भरतात साधारण 828 मिमी. फरक 39 मिमी.

हे 39 वाचून मी खूश झालो होतो. मग लक्षात आलं की ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे टायर 39 ने वाढला तर डिफ वर जाणार त्याच्या निम्मा. साडेएकोणीस मिलिमीटर. एक इंचसुद्धा नाही!

आणि लिफ्टचं काय? इथे माझी खरी विकेट पडली. लिफ्ट किट म्हणजे जास्त उंच स्प्रिंगा किंवा आहे त्या स्प्रिंगांवर बसवलेल्या चकत्या. त्याने स्प्रिंगांच्या वर जे जे आहे ते उचललं जातं, म्हणजे चासी, बॉडी, आपण. पण थारचा मागचा ॲक्सल सलग आहे, तो स्प्रिंगच्या खाली चाकांना जोडलेला. दोन इंच टाका नाही तर सहा, डिफ आहे तिथेच राहणार. म्हणजे दुकानदार जे विकत होता त्यातला निम्म्याहून जास्त खर्च माझ्या दगडाला हातसुद्धा लावणार नव्हता. (याच कारणाने गाडीत कितीही माणसं आणि नारळ भरले तरी डिफ खाली येत नाही. गणपतीत मी सगळ्यांना "सामान जास्त झालं" म्हणून बोललो होतो, ते शब्द मागे घेतो.)

लिफ्ट बिनकामाची असते असं नाही हां. बंपर खडकाला लागत असेल, उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकत असेल, किंवा मोठा टायर वळताना आत घासत असेल, तर लिफ्टच लागते. लिफ्ट मोठ्या टायरला जागा करून देते, हे तिचं मुख्य काम. पण त्याची किंमत नुसत्या पैशात नसते. थारचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, डबल विशबोन. तिथे गाडी उचलली की इंजिनकडून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो आणि त्यांचे सांधे लवकर झिजतात. नुसत्या चकत्या टाकल्या तर चाकाला खड्ड्यात खाली जायला जी जागा असते तीच आपण खाऊन बसतो. अलाइनमेंट परत करावं लागतं. गुरुत्वमध्य वर जातो, आणि अणुस्कुऱ्याच्या वळणांवर तो वर गेलेला मला नको आहे. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खोटं बोलतो. माझ्या हिशोबाने 80 दाखवेल तेव्हा गाडी 84 ला असेल. टायर जड, म्हणजे ब्रेकवर भार, पिकअप मंद, आणि पाचवं चाक मागच्या दारावर लटकलेलं, म्हणजे त्या बिजागऱ्यांवरही भार.

शिवाय कायदा. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल देताना स्पष्ट केलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. उद्या घाटात काही झालं आणि विमावाल्याने वाकून खाली बघितलं तर? रस्त्यावर एवढ्या उचललेल्या गाड्या दिसतात, त्यांचे मालक हा प्रश्न कसा सोडवतात कोण जाणे. मला तो सोडवता आला नाही.

एवढं सगळं कळूनही मी टायरचा आकडा शीटमधून काढला नाही. साडेएकोणीस मिलिमीटर तर मिळतायत ना! मग चुलतभावाला फोन केला. म्हटलं, टेप घेऊन जा आणि चाकोरीच्या तळापासून त्या दगडाचा माथा किती वर आहे ते सांग. तो आधी हसला, मग गेला. 25 सेंटिमीटर. कंपनी माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स देते 226 मिमी. त्यात साडेएकोणीस मिळवा. होतात साडेदोनशेला साडेचार कमी. म्हणजे एवढं सगळं करून डिफ त्या दगडावर बसणारच, फक्त जरा हळू :)

पण निर्णय शीटने नाही झाला. तो झाला रविवारी सकाळी पार्किंगमध्ये.

लिफ्टचे दोन इंच आणि टायरचे साडेएकोणीस मिळून दाराचा उंबरा साधारण 70 मिमी वर जाणार होता. कोडिंगच्या आधी मॉकअप करतो तसं म्हटलं करून बघू. घरी इंटिरियरच्या कामातून उरलेले 18 मिमी प्लायचे तुकडे होते. चार थर लावून डाव्या बाजूची दोन्ही चाकं त्यावर चढवली आणि बाबांना खाली बोलावलं. बाबा 74 वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

"बाबा, जरा चढून बघता का?"

त्यांनी डॅशबोर्डवरचं हँडल धरलं, डावा पाय उचलला आणि परत खाली ठेवला. मग उजवा उचलून बघितला. मग हँडल सोडून दाराचा खांब धरला. मी मागून हात लावायला गेलो तर म्हणाले, "थांब, जमेल." जमलं नाही. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून बघत होते, तेवढ्यात बाबांनी खिशातून रुमाल काढून उगाचच आरसा पुसला.

"छान दिसते रे उंच," ते म्हणाले. "तू कर तुला हवं तसं. मी आपला एसटीने येईन. राजापुरात उतरलो की रिक्षा मिळते."

रिक्षा वरच्या डांबरापर्यंत मिळते. खाली घरापर्यंत नाही. ते तीनशे मीटर त्या गुडघ्याने, पावसाळ्यात, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. ही गाडी घेताना घरात सगळ्यांना मी कारण काय सांगितलं होतं? बाबांना दारापर्यंत नेता येईल.

मी काही बोललो नाही. प्लाय काढलं. त्यांना म्हटलं, आता बसा, दूध घेऊन येऊ. बसले. तेव्हाही जरा कष्टानेच, हे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. तीन वर्षं ते चढत होते आणि मी दुसऱ्या बाजूने चढून इंजिन चालू करत होतो.

टायर मी त्याच मापाचे घेतले, 255/65 आर 18, फक्त जरा खोल खाचांचे ऑल-टेरेन. दुकानदाराचा चेहरा पडला. पुढच्या सीटच्या दाराखाली पायरी हवी होती, पण ती खडकाला लागेल म्हणून तूर्त एक लाकडी पाट मागे ठेवलाय. आईच्या देवघराजवळचा जुना, चार इंची.

2024 च्या मे महिन्यात आंब्यांसाठी गेलो तेव्हा डांबर संपलं तिथे थांबून टायरची हवा 32 वरून 20 वर आणली. छोटा कंप्रेसर सोबत होता, परत भरायला. हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, क्लिअरन्स मात्र किंचित घटतो, तेव्हा दगडाची धाकधूक होतीच. मी उतरून पुढे बघायला निघालो, तर चुलतभाऊ खालून पहार खांद्यावर टाकून वर येत होता.

"काढला तो," म्हणाला. "तू फोनवर माप विचारलंस तेव्हाच म्हणणार होतो. जांभा तो, किती वेळ लागणार? अर्धा तास."

बाबा गाडीतूनच हसले. त्याने त्या जागी माती आणि बारीक चिऱ्यांचे तुकडे भरले होते. पावसात ते वाहून जातील, मग परत भरू.

टायर चांगले आहेत. 80 च्या पुढे गेलं की एक सलग घरघर येते. बाबा म्हणतात, एसटीत बसल्यासारखं वाटतं.