वाद घालणाऱ्या बाईची श्रद्धा

चिपळूण

प्रिय रुबीना,

वसतिगृहातल्या मुली तुला जे विचारतात त्याची यादी मिळाली. घरी उर्दू बोलता का, मग मराठी इतकं स्वच्छ कसं, तुमच्यात चार लग्नं चालतात ना, डोक्यावरचा रुमाल कुणी घालायला लावला, आणि शेवटी : एवढी शिकलेली असून हे सगळं मानतेस कशी? एकेकाचं उत्तर दे, पाठ करून ठेवते, असं तू लिहिलंस. पाठ करू नकोस. पहिले प्रश्न माहितीचे आहेत, माहिती दिली की मिटतात किंवा निदान मिटायला हवेत. शेवटचा तसा मिटणार नाही. श्रद्धा असलेली मुसलमान बाई म्हणजे स्वतःच्या डोक्याने विचार न करणारी बाई, हे त्यात आधीच धरून चाललेलं आहे. आणि हे धरून चालणारे फक्त बाहेरचे नाहीत. आपल्याकडचे धर्माचे राखणदारही नेमकं हेच मानतात. एक म्हणतो, विचार करतेस तर धर्म सोड. दुसरा म्हणतो, धर्मात राहायचंय तर विचार सोड. दोघांचं एकमेकांशी उभं वैर, पण तुझ्याबद्दल मात्र त्यांचं एकमत आहे. ते एकमत खोटं आहे, एवढंच मला या पत्रात सांगायचंय.

माहितीचं आधी उरकते. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठी-कोकणीच्याच कुळातली आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, आपल्या शेजारच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’ ही कादंबरी मराठीत लिहिली, आणि १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी ही आपण कुणाकडून उसनी आणलेली नाही. चार लग्नांचं म्हणशील तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण मुसलमानांत १.९ टक्के निघालं, हिंदूंत १.३. मुलांच्या संख्येचा टोमणाही येईलच. १९९२-९३ साली मुसलमान बाईमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१च्या सर्वेक्षणात २.४ सुद्धा नाहीत. हे आकडे सांग, पण तोंडावर फेकू नकोस. त्या १.९ टक्क्यांतही बायकाच आहेत, आणि आकडा लहान म्हणून त्यांचं दुःख लहान होत नाही. आपली बाजू सावरायच्या नादात आपण त्यांनाच विसरतो, हे मी आपल्या लोकांत फार पाहते.

आता मूळ मुद्दा. कुराणातल्या अठ्ठावन्नाव्या सूरेचं नाव आहे ‘अल्-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी. ही वाद घालणारी बाई म्हणजे मदीनेची खौला बिन्त सअलबा. तिच्या नवऱ्याने रागाच्या भरात जुन्या अरबी रिवाजाप्रमाणे, तू मला आईसारखी, असं म्हणून टाकलं. त्या रिवाजात बायको ना नांदती राहायची ना मोकळी व्हायची. खौला थेट पैगंबरांपुढे गेली आणि अडून बसली. सूरेची सुरुवातच अशी आहे की तिचं गाऱ्हाणं अल्लाहने ऐकलं. पुढे तो रिवाज निषिद्ध ठरवून नवऱ्यांना प्रायश्चित्त सांगितलं आहे. तेहतिसाव्या सूरेत श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया अशी जोडीजोडीने नावं घेत जाणारी आयत आहे. तिच्यामागेही, वचनांत पुरुषांचाच उल्लेख का येतो, असा पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांचा प्रश्न होता असं परंपरा सांगते. मी हे आपला धर्म किती पुढारलेला होता ते मिरवायला सांगत नाही. तो खेळ सगळेच धर्म खेळतात आणि त्यात वर्तमानातली एकही बाई सुटत नाही. माझं म्हणणं लहान आहे : प्रश्न विचारणारी बाई या परंपरेत पहिल्या पिढीपासून आहे. तिला उपरी ठरवायचं असेल तर आधी एका सूरेचं नाव बदलावं लागेल.

पण धर्मग्रंथातल्या दाखल्यावर मी थांबले तर तू म्हणशील, आपा, ही चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग आपल्या देशाकडे ये. इथे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. आपण कोकणी शाफई. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हनफी न्यायाप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या किंवा छळणाऱ्या नवऱ्याच्या तावडीतून सुटायला बाईला जवळजवळ वाटच नव्हती. मात्र धर्म सोडला की लग्न आपोआप मोडलं असं न्यायालयं मानत. तेव्हा पंजाबातल्या कितीतरी बायकांनी सुटकेसाठी धर्मच सोडल्याचं जाहीर केलं. उलेमा हादरले. अशरफ अली थानवींसारख्या कडव्या हनफी विद्वानाने मालिकी पंथातले नियम उसने घ्यायला मान्यता दिली आणि त्यातून १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागवत असेल, तर बाईला न्यायालयाकडून घटस्फोट मिळू लागला. त्याच कायद्याने धर्म सोडून सुटायची वाटही बंद केली, हे सांगायला विसरता कामा नये. उलेमांना बायकांची कणव किती आणि धर्म सोडून जाण्याची भीती किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण शरियत म्हणजे दगडावरची रेघ, तिला हात लागत नाही, असं तुला कुणी सांगितलं, मग तो मौलवी असो की वर्गातला मुलगा, तर त्याला १९३९ हे साल ऐकव. हात लागला होता, आणि तो बायकांनी लावायला भाग पाडलं होतं.

अलीकडची उदाहरणं तुला ठाऊक आहेत. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली, तेव्हा नूरजहाँ साफिया नियाझ आणि झकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या. त्या श्रद्धा टाकून गेल्या नव्हत्या, मजारीपाशी जाऊन दुआ मागता यावी म्हणून गेल्या होत्या. पूर्वी बायका आत जात होत्या, आणि बंदी हा इस्लामचा आवश्यक भाग नाही, असं त्यांचं म्हणणं. २६ ऑगस्ट २०१६ रोजी ते मान्य झालं. पुढच्याच वर्षी उत्तराखंडातल्या काशीपूरच्या शायरा बानोंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्यात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचा आधार हाच होता की कुराणाने घालून दिलेली समेटाची वाट डावलणारा तलाक शरियतमध्येच बसत नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका हे कित्येक वर्षं सांगत होत्या. त्यांना कुणी हस्तक म्हटलं, कुणी अडाणी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शेवटी निकाल लावला तो राज्यघटनेने आणि कायद्याने, धर्माने नव्हे. बरोबर आहे. घटनेचा आधार नसता तर या बायकांना उभं राहायला जागा मिळाली नसती, आणि हे नाकारणारी श्रद्धा मला नको. पण घटना आपणहून कुणाच्या दारात येत नाही. दार ठोठावणारी कुणीतरी लागते, आणि इथे ती नमाजी होती. तिला एकाच वेळी मुसलमान आणि नागरिक असण्यात अडचण वाटली नाही. ती अडचण बघणाऱ्याला वाटते. २०१९च्या कायद्याने एका दमात तीन तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा ठेवली, तेव्हा या लढ्यातल्याच काही बायकांनी विचारलं, नवरा आत गेला तर खर्ची कोण देणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांना लगेच कर्मठांच्या रांगेत बसवलं गेलं. मला तो रास्त वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो आपल्या शेजारच्या गावातूनच आला. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व थांबवण्याची, सर्वांना एकच कायदा लावण्याची. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांचा रोख साधारण असा : आयतींवर उभा केलेला हक्क आयतीइतकाच टिकतो, उद्या दुसऱ्याने दुसरी आयत काढली की तो जातो, म्हणून माणूस म्हणून हक्क मागा. मी हा आक्षेप टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. हक्काचा पाया नागरिकत्वच असावा. पण दलवाई विचारत होते हक्क कशावर उभा करायचा. तू मला विचारतेस श्रद्धा ठेवून ताठ उभं राहता येतं का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हक्क मिळवण्यासाठी आधी अश्रद्ध व्हा अशी अट घातली तर लाखो बायका दाराबाहेर राहतात. त्यांना रमजानचा रोजाही हवा असतो आणि पोटगीही. दलवाईंनंतर त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभी आणि मंडळाचे लोक तलाकपीडित बायकांमध्ये काम करत राहिले. त्या बायकांपैकी किती जणींनी नमाज सोडला असेल? मला नाही वाटत सोडला असेल. त्यांनी दलवाईंचं म्हणणं ऐकलं आणि दुआही मागितली. आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या पुरुषांना हे कोडं वाटतं.

रुमालाबद्दल. तुझ्या मैत्रिणी म्हणतात, तुला वाटतं तू निवडलास, पण लहानपणापासून तसंच शिकवलं म्हणून वाटतं. हे खरं असू शकतं, त्यावर चिडू नकोस. शिकवल्याशिवाय कुणालाच काही वाटत नाही; टिकली, मंगळसूत्र, जीन्स, काहीच नाही. म्हणून, निवड शंभर टक्के स्वतंत्र आहे का, हा प्रश्न निरुपयोगी. मी दुसरं विचारते : उद्या मत बदललं तर रुमाल काढता येईल का, आणि काढला होता तो पुन्हा घालता येईल का? इराणने हे दोन्ही बाजूंनी करून दाखवलंय. १९३६ साली रझा शाहने पडद्यावर बंदी घातली. रस्त्यात पोलिसांनी बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढल्या आणि अनेकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. क्रांतीनंतर त्याच देशात सक्ती आली, आणि २०२२च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी नीट न झाकलेल्या केसांपायी पोलिसांच्या ताब्यात गेली आणि मेली. आपल्याकडे चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाबवर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब-टोपीपुरती स्थगिती देताना विचारलं, टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. बुरख्यात आणि डोक्यावरच्या रुमालात फरक असतो हे निदान न्यायालयाने पाहिलं. पण घरातून सक्ती होते तेव्हा आपण न्यायालयात जात नाही, हेही लक्षात ठेव. चेंबूरच्या मुलींच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, घरात रुमाल काढू पाहणाऱ्या मुलीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर आपलं स्वातंत्र्यावरचं प्रेम कपड्यापुरतंच. आणि कुणी पडद्याची आयत ऐकवली तर चोविसाव्या सूरेत तिच्या आधीची आयत वाचायला सांग. नजर खाली ठेवायचा हुकूम तिथे आधी पुरुषांना आहे. तो कुणी कुणाला पाळायला भाग पाडल्याचं माझ्या कानावर नाही.

तुझ्या यादीत एक प्रश्न नाही आणि तोच सगळ्यांत अवघड आहे : वारसाहक्कात मुलीला भावाच्या निम्मा वाटा. बायकोला मेहेर आणि घरखर्च देणं पुरुषाच्या शिरावर, म्हणून त्याला दुप्पट, असं त्याचं जुनं समर्थन. ज्या घरांत मुलीच घर चालवतात तिथे मला ते पुरेसं वाटत नाही, आणि असं म्हटल्याने माझं ईमान डळमळत नाही. वाट काढणाऱ्यांनी काढली आहे. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून मुलीला हवं तेवढं देता येतं. केरळात सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी २०२३च्या महिला दिनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं, ते तिन्ही मुलींना सगळं मिळावं म्हणून. पण त्याहून आधीची गोष्ट अशी की तो निम्मा वाटा तरी कुठे मिळतो? १९३७च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती. कोकणात बाप गेला की बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, शेजारच्या हिंदू बहिणी करतात तशाच, भाऊ दुरावू नये म्हणून. तेव्हा कुणालाही शरियत आठवत नाही. सुट्टीत येशील तेव्हा आपण तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढू, दादांच्या पश्चात फुफींची नावं कधी लागली होती का ते पाहू, आणि मग अब्बांशी बोलू. तू येईपर्यंत मी विषय काढत नाही.

तुझी,
आपा