आधी स्वतःची चूक

अब्बा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. जॉबवरून बोट फिरवून सांगत, "अजून एक कट हवा." आज धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत सीएमएम चालवतो. माणकाचा इवलासा मणी कास्टिंगला टेकतो आणि मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, माप येते.

"यंत्र चुकत नाही?" मी विचारले.

"चुकतं ना, आपा! म्हणून खोली २० अंशांवर ठेवायची. एका अंशानं मीटरभर पोलाद अकरा-बारा मायक्रॉन वाढतं. शिवाय यंत्राच्या प्रत्येक अक्षाची चूक लेसरनं शोधून संगणकात भरतात. मग ती प्रत्येक मापातून वजा होते. आधी यंत्राची चूक, मग जॉबची."

मी गप्प झाले. बी.एड.ला मूल्यमापन शिकले होते. तरी एका मुलाच्या वहीवर मी "कमजोर" लिहिले होते. तो उत्तरे देत होता, पण घरच्या दखनीत. माझी पट्टी किताबी उर्दूची होती. त्याची चूक मी मोजली, पट्टीची नाही. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली.

आता नव्या वर्गात मी पहिले प्रश्न दखनीतच विचारते. तो मुलगा मात्र त्या वर्गात नसतो.