अंगणातील जयणा

घराच्या आतील प्रत्येक गोष्टीचा आपण बारकाईने विचार करतो. देव्हाऱ्याची दिशा, स्वयंपाकघराची रचना, तिजोरीची जागा हे सारे पायाभरणीपूर्वीच ठरलेले असते. अंगण मात्र शेवटी उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या दिवसांत उरकले जाते. वस्तुतः घरात येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले पाऊल अंगणात पडते, आणि ज्या जीवांना आपण पाहतही नाही त्यांची वस्तीही तेथेच असते. म्हणून अंगणात कोठे फरशी बसवावी आणि कोठे माती मोकळी ठेवावी, हा प्रश्न गवंड्याइतकाच श्रावकाचाही आहे.

आमच्या नव्या घराचे काम संपत आले, तेव्हा ठेकेदाराने अंगणासाठी दोन ओळींचे अंदाजपत्रक दिले. फाटकापासून ओट्यापर्यंत हिरवळ, आणि उरलेल्या सर्व भागावर काँक्रीट टाकून गुळगुळीत टाइल्स. मुलाला दोन गाड्यांची सोय हवी होती, सूनबाईंना मुलांसाठी हिरवळ हवी होती. दोघांचेही समाधान होत होते. वडिलांचे वय 81 वर्षे. रोज सायंकाळी ते प्रतिक्रमणासाठी स्थानकात चालत जातात. त्यांनी कागद वाचला आणि एवढेच विचारले, “अरे, महासतीजी गोचरीला आल्या, तर पाऊल कोठे ठेवतील?”

प्रश्न साधा होता, परंतु त्याने सारा आराखडा बदलला. हिरवे गवत सचित्त आहे. साधु-साध्वी त्यावर पाय ठेवत नाहीत. वाट हिरवळीतून असेल, किंवा नुकत्याच शिंपडलेल्या पाण्याने ओली असेल, तर त्या फाटकातूनच परत फिरतात. घरात निर्दोष आहार तयार असूनही दानाचा योग टळतो, आणि कारण असते ते केवळ अंगणाची मांडणी. दशवैकालिक सूत्राच्या पाचव्या, म्हणजे पिंडैषणा अध्ययनात भिक्षेला निघालेल्या मुनीने बी, हिरवळ, प्राणी, पाणी आणि ओली माती टाळून चालावे असे सांगितले आहे. त्याच अध्ययनात आणखी एक सूचना आहे. ओलांडण्यासाठी टाकलेले लाकूड, दगड किंवा वीट डळमळीत असेल, तर मुनीने त्यावरून जाऊ नये. अंगणातील पायवाटेविषयी इतके नेमके मार्गदर्शन आपल्या आगमात असावे, याचा मला आनंदयुक्त विस्मय वाटला.

डळमळणाऱ्या दगडाखाली किडे-मुंग्या चिरडतात आणि त्यावरून वृद्ध माणूस पडतो. जीवदया आणि घरच्यांची काळजी येथे एकच होते. म्हणून प्रथम आम्ही फाटकापासून ओट्यापर्यंत आणि तेथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चार फूट रुंदीची पक्की वाट आखली. दगड हलू नये याची खरी खबरदारी दगडात नसते, त्याच्या खालच्या थरांत असते. माती सुमारे सहा इंच उकरून मुरूम व बारीक खडी भरावी, धुम्मस करून ती घट्ट बसवावी, त्यावर इंचभर वाळू पसरून फरशी मांडावी आणि सांधे वाळूने भरावेत. गाड्या फिरणाऱ्या जागी हा थर अधिक जाड लागतो.

दगडाची निवडही महत्त्वाची असते. शहाबादी, तांदूर, कोटा आणि कडप्पा ही सर्व चुनखडीच्या जातीची फरशी. पॉलिश केलेली फरशी दुकानात देखणी दिसते, पण पावसात तिच्यावर पाय ठरत नाही; अंगणासाठी खरखरीत पृष्ठभागच घ्यावा. शिवाय ही फरशी ॲसिडने कधीही धुऊ नये. ॲसिडने चुनखडी झिजते, फरशीचे तेज जाते, आणि सांध्यांतील जीवांचा नाहक घात होतो तो वेगळाच.

अंगणाच्या आखणीत सर्वांत गंभीर प्रश्न शेवाळाचा आहे. शेवाळ म्हणजे अनंतकाय. एका शरीरात अनंत जीव. ते एकदा वाढले की श्रावकापुढे चांगला पर्याय उरत नाही. त्यावरून चालावे तर विराधना, घासून काढावे तर विराधना, आणि तसेच ठेवावे तर घसरून हाड मोडण्याची भीती. अशा वेळी तो भाग दोरी बांधून बंद करावा आणि ऊन पडून तो आपोआप सुकेपर्यंत थांबावे, एवढेच हाती राहते. म्हणून शेवाळाविषयीची जयणा पावसाळ्यात पाळण्यापेक्षा नकाशावर पाळणे श्रेयस्कर. शेवाळाला ओल आणि सावली लागते. फरशीला दर दहा फुटांमागे सुमारे दीड इंच ढाळ द्यावा, आणि तो नेहमी घराच्या भिंतीपासून दूर जाणारा असावा. नळाखाली, पन्हाळीच्या तोंडाशी आणि उत्तरेकडील सावलीत फरशी बसवण्याचा मोह टाळावा. तेथे पाणी मुरेल अशी खडीची पट्टी अधिक बरी. मुख्य वाट शक्य तितकी उन्हातून न्यावी.

ढाळाने वाहिलेले पाणी शेवटी जाते कोठे, हेही पाहिले पाहिजे. शंभर चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी होते. सर्व अंगण काँक्रीटने बंद केले तर हे पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जाते. खळग्यात साचून राहिले, तर आठ-दहा दिवसांत त्यात डासांची पिढी तयार होते. मग फवारणी आली, म्हणजे त्रसजीवांची हिंसा आली. आपल्या व्यापारी कुटुंबांना यावरचा उपाय नवा नाही. अहमदाबादच्या पोळांमधील जुन्या घरांत फरसबंद चौकाखाली दगडी टाके असे. छपरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरवून वर्षभर पिण्यासाठी वापरले जाई, आणि टाक्याचे तोंड झाकणाने बंद असे. आजच्या घरात तेवढे टाके शक्य नसले, तरी छपराचे पाणी गाळून झाकलेल्या टाकीत घेता येते आणि जादा पाणी शोषखड्ड्यात सोडता येते.

अंगणातील कडुनिंब आमच्या आधीपासून तेथे उभा होता. त्याच्या बुंध्यापर्यंत फरशी नेली तर मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि काही वर्षांत मुळेच फरशी उचलून टाकतात. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आम्ही त्याहून थोडे मोठे आळे मोकळे ठेवले.

उरला घरातल्यांच्या इच्छेचा प्रश्न. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. परंतु अनर्थदंड, म्हणजे प्रयोजनाविना होणारी हिंसा, तो टाळू शकतो. सर्व अंगण झाकण्याला प्रयोजन नव्हते, आणि हिरवळ सरसकट नाकारण्याने घरात कटुता आली असती. म्हणून गाड्यांसाठी संपूर्ण फरशीऐवजी चाकांखाली दोन-दोन फुटांचे पट्टे आणि मध्ये खडी असे ठरले. हिरवळ बाजूच्या कोपऱ्यात, लहानशी, आणि तिच्यावरून कोणतीही वाट जाणार नाही अशी. दिवे उंच खांबावर न लावता गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली प्रकाश टाकणारे, मंद पिवळे घेतले. पांढऱ्या-निळसर प्रखर प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. अंदाजपत्रकापेक्षा खर्च काहीसा वाढला, कारण खालचे थर स्वस्तात होत नाहीत. मुलाने तो हिशेब तपासला आणि नंतर त्यानेच ठेकेदाराला नवा नकाशा समजावून दिला.

ज्यांच्या घरी असे काम निघणार आहे, त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खोदाई कार्तिकी पौर्णिमेनंतर, जमीन कोरडी झाल्यावर करावी; चातुर्मासात माती जीवांनी भरलेली असते आणि ओल्या जमिनीवरची भरणी पुढे खचते. आणि शक्य असेल तर फरशीपूर्वी एक पावसाळा अंगण तसेच राहू द्यावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, सावली कोठवर राहते, मुंग्यांची वारुळे कोठे आहेत आणि घरची माणसे स्वाभाविकपणे कोठून चालतात, हे सर्व चार महिन्यांत दिसते. ते एका कागदावर टिपून ठेवावे. पुढे गवंड्याला बोलावले की आधी तो कागद त्याच्या हाती द्यावा, आणि दर त्यानंतर विचारावा.