चातुर्मासातला एक नेम

समाजमाध्यमांपासून विश्रांती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांचा वापर ठरावीक मुदतीसाठी ठरवून बंद ठेवणे. फोन बोलण्यापुरता चालू राहू शकतो. अशी विश्रांती गाव मिळून घेते किंवा माणूस एकट्याने घेतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे, असे गावाने ठरवले. वाशिम जिल्ह्याला लागून असलेल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. कोरोनाकाळातील ऑनलाइन शाळेने मुलांना लागलेली फोनची सवय, हे दोन्ही निर्णयांमागचे मुख्य कारण होते.

एकट्याने घ्यायच्या विश्रांतीला चातुर्मासाच्या नेमाची जुनी चौकट उपयोगी पडते. आषाढी ते कार्तिकी कुणी कांदा-लसूण सोडते, कुणी वांगे. प्रस्तुत लेखकाने वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील आपल्या गावी १७ जुलै २०२४ रोजी, आषाढीला, समाजमाध्यमे सोडली.

पहिला टप्पा सवयीचा. सोयाबीनमध्ये डवरणी चालू होती. तास संपून धुऱ्यावर बैल वळवले की लेखकाचा हात आपोआप खिशाकडे जाई. हे दोन आठवडे चालले, मग थांबले.

दुसरा टप्पा अडचणीचा. गावातल्या बातम्या आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच कळतात. नात्यातील एका वृद्धाच्या निधनाची बातमी केवळ ग्रुपवर आली आणि लेखकाला ती तेरवी उरकल्यावर समजली. ही चूक भरून निघणारी नव्हती. नेम धरण्याआधीच ‘काही असले तर फोन करा’ असे जवळच्यांना सांगून ठेवायला हवे होते. बाजारभावाची अडचण मात्र सुटली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याखाली होते. सोंगणीनंतर रोज संध्याकाळी अडत्याला केलेला एक फोन पुरेसा ठरला.

तिसरा टप्पा मोकळ्या वेळेचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. आदल्या वर्षी तो वेळ स्टेटससाठी फोटो काढण्यात गेला होता. या वेळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळता चोळता आईने घरात होऊन गेलेल्या चार जोड्यांची नावे सांगितली, कोणता बैल कोणत्या बाजारातून आणला तेही सांगितले. लेखकाने ही नावे चाळिशीत प्रथमच ऐकली.

१२ नोव्हेंबरला, कार्तिकीला, नेम सुटला. विधानसभेचे मतदान आठ दिवसांवर होते आणि ग्रुप प्रचाराच्या संदेशांनी भरले होते. लेखकाने घरच्यांचा आणि शेतीचा असे दोन ग्रुप ठेवले, बाकीचे सोडले.

ज्यांना अशी विश्रांती घ्यायची आहे, त्यांनी सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस आधी ठरवावा, आप्तांना तसे कळवावे आणि मोकळा होणारा वेळ घरातल्या कोणाला द्यायचा, हेही त्याच दिवशी ठरवावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करावी. त्यांच्याजवळचे सांगणे पुढच्या चातुर्मासापर्यंत थांबेलच असे नाही.