पाहुणे, पर्वती आणि सकाळची गोळी



सुट्ट्या लागल्या की घरोघरी पाहुणे येतात आणि आपण हौसेने त्यांना आपलं गाव दाखवतो. आज त्याबद्दल लिहितोय. प्रसंग माझ्याच घरातला आहे आणि चूकही माझीच आहे.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीहून मावशी आणि काका दोन दिवसांसाठी पुण्यात आले. काकांचं वय ७२, पंधरा वर्षांपासून मधुमेह. कार्यक्रम अर्थातच मी आखला. शनिवारी शनिवारवाडा, दगडूशेठ गणपतीचं दर्शन, केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल आणि मावशीसाठी तुळशीबाग. जेवायला अडीच वाजले. काका काही बोलले नाहीत. रात्री "भूक नाही" म्हणत थोडा दहीभात खाऊन झोपले.

रविवारी सकाळी पर्वती. "घरी नाश्ता नको, खाली उतरल्यावर मिसळ खाऊ," असं मीच जाहीर केलं. काकांनी नेहमीप्रमाणे साडेसहाला बिनसाखरेच्या चहाबरोबर गोळी घेतली. अमरावतीला त्या गोळीनंतर थोड्याच वेळात त्यांच्यासमोर नाश्ता येतो. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

१०३ पायऱ्या काका हळूहळू पण छान चढले. देवदेवेश्वराचं दर्शन झालं. नानासाहेब पेशव्यांचं निधन १७६१ मध्ये इथेच झालं, हे मी उत्साहाने सांगत होतो. तासभर गेला. उतरताना काका मध्येच एका पायरीवर बसले आणि माझ्यावर ओरडले, "नुसतं पळवून राहिला तू आम्हाला!"

काका अतिशय शांत माणूस. मला वाटलं, थकले, वैतागले. मी हसून विषय बदलला. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, काकाआजोबांचा शर्ट बघा." थंडीच्या सकाळी त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. हात थरथरत होते. "चला, उतरू या," म्हटलं तर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा माझ्यातला डॉक्टर जागा झाला. साखर उतरली होती.

जवळ ग्लुकोमीटर नव्हतं. मावशीने पिशवीतून कालचा पेढ्याचा प्रसाद काढला. दुसरं काही नसतं तर तोच दिला असता. पण पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. मुलगी धावत खाली गेली आणि भरपूर साखर घातलेलं लिंबू सरबत घेऊन आली. काका शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "काय झालं? सगळे असे का बघता माझ्याकडे?" आपण ओरडलो हे त्यांना आठवतही नव्हतं.

हे का झालं? काकांची गोळी ग्लिमेपिराइडची. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. त्यात आदल्या रात्रीचं कमी जेवण आणि सकाळची चढण, म्हणजे स्नायूंनीही साखर वापरली. इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो बराच कमी असतो.

एवढं लक्षात ठेवा:

- घाम, थरथर, धडधड, खूप भूक ही साखर उतरल्याची नेहमीची लक्षणं. वयस्कर माणसांत कधी कधी फक्त चिडचिड, गोंधळ किंवा अडखळतं बोलणं एवढंच दिसतं.
- रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर लगेच उपाय करा. मोजायला यंत्र नसेल तर थांबू नका, साखर द्या.
- साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या. नंतर पोळी, भात, बिस्किटं असं काही खायला द्या.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.
- बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते.
- गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रवासात जेवणाच्या वेळा बदलणार असतील तर ती कधी घ्यायची, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

काकांनी मला एकदाही "भूक लागली" म्हटलं नाही. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाले, "तू एवढ्या हौसेने दाखवत होता, मधेच खायला कसं मागायचं?" पाहुणा मागत नाही. त्यामुळे विचारायचं काम यजमानाचं. क्लिनिकमध्ये प्रत्येक रुग्णाला मी विचारतो, "गोळी कधी घेता, जेवता कधी?" घरच्या माणसाला विचारायचं मात्र राहून गेलं.

तुमच्याकडे पाहुणे येतील तेव्हा कुठे फिरायचं हे ठरवण्याआधी त्यांच्या गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा विचारा. आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. माझ्या खिशात आता ती असते.

काळजी घ्या.